मोहरीचे दाणे आणि मौतीचा सांगावा : आंबेडकरी कथेतील प्रेम, वियोग व एकाकीपण

वर्धा शहराला लागूनच असलेल्या बोरगाव (मेघे) येथे एका वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी किसा गोतमीची कथा वाचली गेली. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत हिंडणारी माता भगवंतांकडे येते. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे भगवंत तिला सांगतात. ती घरोघर जाते, प्रत्येक घरात मृत्यू येऊन गेला आहे हे तिला कळते आणि ती मूल खाली ठेवते. वाचन संपल्यावर पाठीमागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "ते बाई घरोघरी गेली म्हनता, मंग तिले दारात कोनं उभं राहू देल्लं जी? माह्या मायले त नसतं राहू देल्लं."

या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. परंतु पुढे आंबेडकरी कथा पुन्हा वाचावयास घेतल्या तेव्हा असे जाणवले की, हा प्रश्न त्या कथांच्या मुळाशी आहे. आणि आपल्या समीक्षेने तो फारसा विचारलेला नाही. आपण या कथांत विद्रोह शोधला, नकार शोधला, वेदना शोधली. परंतु ज्याचे माणूस गेले आहे आणि ज्याला ते सांगावयास दार नाही, अशा मनुष्याचे एकाकीपण आपण वेगळे काढून पाहिले नाही. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

एकांत आणि एकाकीपण

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. बौद्ध परंपरेत एकांताला मोठे स्थान आहे. सुत्तनिपातातील खग्गविसाण सुत्त तर एकट्याने विचरण्याचा गौरव करते. पालीत ज्याला 'पविवेक' म्हणतात, तो स्वेच्छेने पत्करलेला एकांत होय. तो घेणाऱ्याला केव्हाही संघाकडे परत येता येते. म्हणूनच भगवंतांनी आनंदाला सांगितले की, कल्याणमित्रता ही श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग नव्हे, तर ती संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे. एकांत आणि मैत्री या दोहोंत धम्माला विरोध दिसत नाही.

एकाकीपण निराळे आहे. ते लादलेले असते. किसा गोतमीच्या कथेचा हा भाग आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही. मोहरीची कथा मूळ थेरीगाथेत नाही. ती अट्ठकथेतून आली आहे. अट्ठकथा असे सांगते की, गोतमी गरीब घरची होती, सासरी तिची हेटाळणी होत असे, आणि मुलगा झाल्यावरच तिला मान मिळू लागला. म्हणजे मूल गेले तेव्हा तिचे दोनदा नुकसान झाले. एक, पोटचे लेकरू गेले. दुसरे, त्या लेकरामुळे मिळालेले माणूसपण गेले. तिच्या वेड्या धावपळीत या दोन्ही गोष्टी आहेत. तिचे दुःख मनाचे आहे, तसेच ते समाजाने घडविलेलेही आहे.

तिच्यावर झालेला उपचारही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. भगवंतांनी तिला झाडाखाली बसवून अनित्यतेचे प्रवचन दिले नाही. त्यांनी तिला लोकांच्या दारी पाठविले. तिचे एकटीचे दुःख प्रत्येक उंबरठ्यावर दुसऱ्याच्या दुःखाला भेटले, आणि त्या भेटीतून तिला अनित्यता कळली. सावत्थीची दारे तिच्यासाठी उघडली, हा या कथेचा गृहीत आधार आहे. बोरगावच्या उपासिकेने नेमके या आधारावर बोट ठेवले. तिला धम्माविषयी शंका नव्हती. तिची शंका गावाविषयी होती.

नियती की कारण?

प्रेम, वियोग आणि एकाकीपण हे मराठी लघुकथेचे जुने विषय आहेत. स्वातंत्र्याच्या आसपास नवकथा आली आणि तिने मनाचे पदर उलगडावयास आरंभ केला. त्यानंतर या विषयावर सर्वात खोल जाणारा कथाकार म्हणून जी. ए. कुलकर्णी यांचेच नाव घ्यावे लागते. 'निळासावळा' (१९५९) पासून 'काजळमाया' (१९७२) आणि 'पिंगळावेळ' (१९७७) पर्यंत त्यांची माणसे आपापल्या दुःखात बंद आहेत. 'कैरी'सारख्या कथेत पोरक्या मुलाला माया लाभते आणि तीही टिकत नाही. ही कथा वाचून ज्याचे मन हलत नाही त्याने साहित्य वाचू नये. जी. एं.चे सामर्थ्य मान्य करण्यात आंबेडकरी वाचकाने कृपणता दाखविण्याचे कारण नाही.

परंतु एक प्रश्न विचारला पाहिजे. या कथांतील दुःख कोठून येते? तेथे उत्तर मिळते ते नियतीचे. माणूस धडपडतो आणि आधीच आखलेल्या रेषेवर येऊन पडतो. बौद्ध अभ्यासकाला ही भूमिका अपरिचित नाही. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात मक्खलि गोसालाचे मत नोंदविलेले आहे. प्राण्यांच्या सुखदुःखाला हेतू नाही, प्रत्यय नाही, पुरुषार्थाने काही बदलत नाही, असे ते मत होते. भगवंतांनी ज्या मतांचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला त्यांत हे एक आहे. दुःखाला कारण आहे आणि म्हणून ते कमी करता येते, हा पटिच्चसमुप्पादाचा गाभा नियतीवादाशी जुळू शकत नाही.

येथे समीक्षेचा एक निकष हाती येतो. वियोगाची कथा आपल्याला रडविते काय, हा पहिला प्रश्न. त्या रडण्याचे कारण ती पाहू देते काय, हा दुसरा. जी. ए. पहिल्या प्रश्नाला पुरेपूर उतरतात. दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याला दुसऱ्या कथांकडे वळावे लागते.

सांगावा नेणारा

गावगाड्यात महाराकडे जी कामे होती त्यांत मौतीचा सांगावा नेणे हे एक होते. गावातील कोणाच्या घरी माणूस गेले की दूरच्या गावच्या सोयऱ्याधायऱ्यांना ती वार्ता पोहोचवावयाची. ऊन असो की पाऊस, रात्र असो की दिवस, अंतर कितीही असो, जाणे भाग होते. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर लादलेल्या कामांची जी यादी दिली आहे तीत या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे.

या चित्राकडे मोहरीच्या कथेशेजारी ठेवून पाहावे. किसा गोतमी दारोदार जाऊन विचारते, "येथे कोणी मेले आहे काय?" आपला पूर्वज दारोदार जाऊन सांगतो, "अमुक गावी अमुक मेला." मृत्यू सर्वत्र आहे हे गोतमीला एका दिवसात कळले, त्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. किंबहुना पंचक्रोशीतील प्रत्येक घराचा शोक त्याच्याच मुखाने प्रथम बाहेर पडत असे. परंतु तो उंबरठ्याच्या बाहेर उभा राही. वार्ता आत जाई, माणूस बाहेर राही. आणि त्याच्या स्वतःच्या घरी माणूस गेले तर? तो सांगावा गावातील कोणीही नेत नसे. सर्वांचे दुःख ज्याने वाहिले त्याचे दुःख वाहणारा कोणी नव्हता. अशा एकाकीपणाला नियती हे नाव देता येणार नाही. त्याला रूढी होती, वतन होते, हुकूम होता. ते माणसांनी बांधलेले होते.

शंकरराव खरातांनी आपल्या १९६२ च्या कथासंग्रहाला 'सांगावा' हे नाव दिले. मराठी कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर हा शब्द येणे ही साहित्यातील एक घटना होती, असे मी मानतो. खरातांची कथा वरवर साधी आहे. तीत कलाकुसर थोडी, माहिती अधिक, असा शेरा तिच्यावर मारला गेला आहे. पण ही माहितीच आजवर कोणी सांगितली नव्हती. पुढे 'तराळ अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात त्यांनी विहिरीतील प्रेताचा प्रसंग सांगितला आहे. विहिरीत मृतदेह आढळतो. त्याची राखण करणे आणि अंमलदाराच्या हुकुमाने विहिरीत उतरून तो बाहेर काढणे हे काम वडिलांच्या वाट्याला येते. मुलगा ते पाहतो. प्रेत कोणाचे, याहून वर येणारा बाप जिवंत असेल ना, ही मुलाची धास्ती वाचकाला व्यापून टाकते. बापावरचे प्रेम या शब्दाचा उच्चारही न करता ते पूर्ण उमटले आहे. दुसऱ्याच्या मृत्यूची सेवा करताना आपल्या माणसाचा जीव पणाला लागणे, हा अनुभव नवकथेच्या कक्षेत नव्हता.

स्मशान आणि रस्ता

अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा सर्वपरिचित आहे. खाणीतील काम सुटलेला भीमा मृतांच्या राखेत आणि गाडलेल्या प्रेतांवर सोने शोधून कुटुंब जगवितो. या कथेची चर्चा भूक आणि दारिद्र्य या अंगाने पुष्कळ झाली. मला तीत दुसरेही काही दिसते. थेरीगाथेत उब्बिरी ही माता स्मशानात आपल्या जीवा नावाच्या मुलीसाठी शोक करते. त्याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळून गेल्या आहेत, त्यांतल्या कोणासाठी तू रडतेस, असे तिला विचारले जाते. स्मशान हे तेथे ज्ञानाचे स्थान ठरते. भीमाला हे ज्ञान परवडत नाही. दुसऱ्यांचे मरण हे त्याचे उत्पन्न आहे. मेलेल्याबद्दल हळहळ वाटण्याची मुभाही भुकेने त्याच्यापासून हिरावून घेतली आहे. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे तो गमावतो, आणि त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याचे त्याला कळते. येथे नियतीचा खेळ दिसतो खरा. परंतु खाण बंद कोणी केली आणि उघडली कोणी, हे अण्णाभाऊ आपल्याला विसरू देत नाहीत.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहात 'वाटेवरची' ही कथा आहे. गिरिजा ही शरीरविक्रय करणारी स्त्री. दूर असलेला तिचा मुलगा गंभीर आजारी असल्याचे तिला कळते. त्याच्याकडे जाण्यासाठी पैसे हवेत, आणि पैसे मिळविण्याचा तिला एकच मार्ग आहे. कथेचा शेवट येथे सांगत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी स्वतः वाचावी. पण तिची रचना लक्षात घ्यावी. गिरिजा हीसुद्धा मुलासाठी दारोदार हिंडणारी माता आहे. ती मोहरी मागत नाही, प्रवासखर्च मागते. तिला भेटणाऱ्यांना तिच्या दुःखाची किंमत कळते, कारण त्या दुःखामुळे तिची अडचण वाढते आणि अडचणीत सापडलेल्या स्त्रीचा भाव पाडता येतो. सावत्थीच्या घरांनी गोतमीला आपले दुःख सांगितले. या शहराने गिरिजाचे दुःख हेरले आणि त्याचा सौदा केला. बागुलांनी करुणा निर्माण करण्यासाठी वेगळे भाष्य केलेले नाही. एका मातेला घाई आहे आणि जगाला नाही, एवढाच ताण त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला आहे.

याच संग्रहाची शीर्षककथा एकाकीपणाचा आणखी एक प्रकार दाखविते. रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण उधना येथे जात लपवून राहतो. त्याला तेथे स्नेह मिळतो, आदर मिळतो. परंतु जे मिळते ते त्याला मिळत नाही. त्याने धारण केलेल्या खोट्या ओळखीला मिळते. दुसऱ्याच्या प्रेमाने आपला एकटेपणा वाढत जावा, हा अनुभव जातीच्या समाजातच शक्य आहे. जात उघड झाल्यावर त्याला मारहाण होते आणि काशीनाथ त्याला वाचवितो. या कथेतील विद्रोहावर भरपूर लिहिले गेले. काशीनाथावर थोडेच लिहिले गेले. सत्य ओळख ठाऊक असूनही पाठीशी उभा राहणारा हा कथेतील खरा कल्याणमित्र आहे. एकाकीपणाचा शेवट लोकांनी आपल्याला स्वीकारण्याने होत नाही. कोणीतरी आपल्याला आपल्या खऱ्या नावाने ओळखण्याने होतो, हे या कथेतून मला उमगले.

दोन प्रकारच्या आया

आता थोड्या अवघड जागी यावे लागेल. बागुलांची 'आई' ही कथा मराठीतील श्रेष्ठ कथांपैकी एक आहे. वर्गात आईवरील कविता शिकविली जाते. पांडू त्या कवितेतील आईत आपली आई शोधू पाहतो, आणि मुले त्याला मुकादमाचे नाव घेऊन चिडवितात. बाप मेलेला. आई तरुण, कष्टाळू, एकटी. तिने मुलाला वाढविले, पुरुषांना दूर ठेवले, आणि अखेर तिच्याही मनात कोणाचा तरी आधार, कोणाची तरी माया हवीशी झाली. मुलगा तिला नवीन कपड्यांत पाहतो आणि तोडून निघून जातो. ती त्याच्यामागे जाऊ पाहते, पण मुकादमाच्या मिठीतून तिला सुटता येत नाही.

ही कथा वाचताना आपण बहुधा पांडूच्या बाजूने रडतो. मला वाटते, बागुलांना ते पुरेसे नव्हते. आईचा एकटेपणा त्यांनी इतक्या बारकाईने लिहिला आहे की, तिला दोष देणे कठीण होते. तरीही एक मर्यादा राहते. शेवटी ही आई दलदलीत रुतल्यासारखी राहते. तिला बोलावयास वाक्य मिळत नाही. प्रेम हवे असणे हे तिच्या बाबतीत पतन ठरते. हा निवाडा कथेचा की वस्तीचा, हे कथा स्पष्ट करीत नाही. आपल्या चळवळीनेही विधवेच्या, परित्यक्तेच्या अशा गरजेविषयी मौनच पाळले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हे मौन ज्यांनी मोडले त्यांत ऊर्मिला पवार अग्रभागी आहेत. 'सहावं बोट' (१९८८) आणि 'चौथी भिंत' (१९९०) या संग्रहांतून त्यांनी स्त्रीला स्वतः बोलू दिले. त्यांच्या 'न्याय' या कथेतील विधवा पंचांपुढे उभी राहून पोटातील मुलावर आपला हक्क सांगते. बागुलांच्या आईची जी कोंडी, तीच येथे आहे. फरक हा की, येथे बाईला शब्द सापडला आहे. तिच्या एकाकीपणाला तिने स्वतःच एक दार पाडले. पुढे 'आयदान' (२००३) या आत्मकथनात पवारांनी आपल्या आईचे चित्र रेखाटले. पतीच्या मागे मुलांच्या शिक्षणासाठी ती टोपल्या विणीत बसते. त्या विणीशी लेखिकेने आपल्या लेखनाची वीण जोडली आहे. याच पुस्तकात स्वतःच्या तरुण मुलाच्या मृत्यूविषयीही त्यांनी लिहिले आहे. आईचा शोक आणि लेकीचा शोक असे एकाच विणीत येतात. दोन पिढ्यांच्या मधले अंतर म्हणजे सांगता येण्याचे अंतर होय. आई विणीत राहिली, लेक लिहिती झाली.

नवे एकाकीपण

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या समाजाने गावकीची कामे झपाट्याने टाकली. मौतीचा सांगावा नेणे बंद झाले. मुले शिकली, नोकरीत आली, शहरात आली. वर्ध्याभोवतीची बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे) ही गावे पाहावीत. ती आता शहराला जाऊन भिडली आहेत. जुनी वेस राहिली नाही.

वेस गेली म्हणून दारे उघडली काय? अर्जुन डांगळे यांची 'प्रमोशन' ही कथा या प्रश्नाची नोंद घेते. बढती मिळालेल्या अधिकाऱ्याचे कार्यालयातील अवघडलेपण हा तिचा विषय आहे. वर चढलेल्या मनुष्याला वरच्यांत जागा नाही आणि खालच्यांशी पूर्वीचा संबंध उरलेला नाही. ही कथा आता जुनी झाली, असे म्हणता येत नाही. वसाहतीतील सदनिकेत निवृत्त होऊन बसलेला, मुले परगावी गेलेला, वस्तीत परत न जाऊ शकणारा आपला मनुष्य कोणी पुरेसा लिहिला आहे, असे मला दिसत नाही.

आणखी दोन विषय वाट पाहत आहेत. वर्धा हा शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या केंद्रीय मदत योजनेत समाविष्ट झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक होय. आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रीवर अहवाल लिहिले गेले, बातम्या लिहिल्या गेल्या. पात्र आणि अपात्र अशा दोन रकान्यांत तिचे वैधव्य मांडले गेले. ती रात्री कोणाशी बोलते, हे कथेने सांगावयाचे आहे. दुसरा विषय २०२० आणि २०२१ या वर्षांचा. साथीच्या त्या काळात मृत्यूची वार्ता भ्रमणध्वनीवर आली, जवळच्यांना शेवटचे मुख पाहता आले नाही, आणि शोक करणाऱ्याच्या दारात कोणी पाऊल ठेवले नाही. दुरून उभे राहणे, स्पर्श टाळणे आणि दुःख उंबरठ्याबाहेर अडविले जाणे, याचा अनुभव सर्व समाजाने तेव्हा काही महिने घेतला. ज्यांच्या पूर्वजांनी तो शतकानुशतके घेतला होता, त्यांच्या लेखणीला हे नाते दिसावयास हवे होते. ते दाखविणारी कथा माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही.

एका आक्षेपाचा विचार

काही कार्यकर्ते मित्र असे म्हणतात की, वैयक्तिक दुःखाचे असे कोडकौतुक म्हणजे चळवळीतून पळ काढणे होय. दुःखवादावर पूज्य बाबासाहेबांनीच टीका केलेली नाही काय?

आक्षेप महत्त्वाचा आहे. म्हणून तो नीट तपासला पाहिजे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांविषयी प्रश्न उपस्थित केला, हे खरे. जन्म, जरा, मरण म्हणजे दुःख आणि त्यावर उपाय नाही, असे मानले तर धम्म निराशेचा होईल, अशी त्यांची हरकत होती. परंतु दुःख सांगू नये, असे त्यांनी कोठे म्हटले? त्यांनी दुःखाच्या अस्तित्वाची मान्यता आणि दुःखाचे निवारण या दोहोंना धम्माचा पाया मानले. त्याच ग्रंथाच्या आठव्या खंडात, तथागतांच्या मानवतेचे वर्णन करताना, त्यांनी दोन शोकाकुल स्त्रियांना जागा दिली : नातीच्या मृत्यूने खचलेली विशाखा आणि किसा गोतमी. ज्याला दुःखाची चर्चा टाळावयाची असती त्याने या कथा ग्रंथात घेतल्या नसत्या.

मज्झिम निकायातील पियजातिक सुत्तही येथे आठवते. एकुलता मुलगा गमावलेल्या गृहस्थाला भगवंत सांगतात की, शोक प्रिय वस्तूंपासून निर्माण होतो. पसेनदि राजाला हे पटत नाही. मल्लिका राणी त्याला त्याच्या मुलीविषयी, वजिरीविषयी, विचारते. तिला काही झाले तर? तेव्हा राजाला अर्थ कळतो. लक्षात घ्यावयाचे ते हे की, मल्लिका प्रेम सोड, असे म्हणत नाही. ती राजाला त्याच्या प्रेमाची जाणीव करून देते आणि त्या वाटेने धम्माकडे नेते.

आणि बाबासाहेबांचे स्वतःचे जीवन? तीन मुलगे आणि एक मुलगी त्यांनी गमावली. राजरत्न गेल्यानंतर १९२६ च्या ऑगस्टमध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्या पित्याने आपला शोक लपविलेला नाही. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी प्रसिद्ध झालेला पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. राजकारणावरील त्या कठोर ग्रंथाच्या पहिल्या पानावर एका पतीची कृतज्ञता आणि त्याचे एकटेपण आहे. त्यामुळे पुढील पानांवरील युक्तिवाद दुबळा झाला, असे कोणी म्हणणार नाही. महाडचा सत्याग्रह राजरत्नच्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत झाला. शोक आणि संघर्ष हे एकाच मनुष्यात, एकाच काळात राहतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

उलट आपल्या कथेचा दोष वेगळ्याच ठिकाणी आहे. अनेक लेखक शोकाला पुरते उभे राहू देत नाहीत. माणूस मेले की दुसऱ्या परिच्छेदात मोर्चा निघतो, तिसऱ्यात निर्धार होतो. अशा कथेत मृत माणूस साधन ठरतो आणि जिवंत माणूस घोषणा. स्त्री-पुरुष प्रेमाचेही तसेच. १९६९ साली वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा प्रेमकवितेचे श्रेष्ठ कवी पु. शि. रेगे अध्यक्ष होते. त्याच वर्षी बागुलांचा 'मरण स्वस्त होत आहे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. मराठी साहित्याने जणू वाटणीच केली होती : प्रेम त्यांच्याकडे, मरण आपल्याकडे. २०२३ मध्ये वर्ध्यात पुन्हा संमेलन भरले आणि त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. मधल्या चोपन्न वर्षांत ही वाटणी कितपत मोडली, याचा हिशेब आपणही दिला पाहिजे. प्रेम हे आपले क्षेत्र नव्हे, असे आपण का मानावे? बाबासाहेबांनी रेखाटलेली यशोधरा सिद्धार्थाच्या गृहत्यागाला संमती देते, आणि राहुलाच्या संगोपनासाठीच मागे राहते. हा वियोग दोघांनी मिळून पत्करलेला आहे. अशा प्रेमाची आणि अशा वियोगाची कथा लिहिण्याचा वारसा आपल्यापाशी आहे.

समारोप

खरात, अण्णाभाऊ, बागुल, डांगळे आणि ऊर्मिला पवार यांच्या कथा एकत्र वाचल्यावर एक गोष्ट ध्यानी येते. सांगावा नेणे आपण थांबविले ते योग्यच केले, कारण ते गुलामीचे काम होते. परंतु एका घराचा शोक दुसऱ्या घरी पोहोचला पाहिजे, ही गरज गुलामीची नव्हती. ती माणसाची गरज होती आणि आहे. आपल्या कथेने हे काम नव्या रीतीने हाती घेतले. आता हुकूम नाही, वतन नाही, उंबरठ्याबाहेर उभे राहणे नाही. आता सांगावा आपल्या घरचाही आहे. गिरिजाची हकीकत ज्या वाचकाच्या घरात जाते त्याने तिला दारात उभे केले की आत घेतले, हे त्याने स्वतःला विचारावयाचे आहे.

बोरगावच्या त्या उपासिकेला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज द्यावयाचे झाले तर एवढेच म्हणता येईल : बाई, तुमच्या मायला गावाने दारात उभे राहू दिले नसते, हे तुम्ही खरेच सांगितले. गोतमीला मात्र प्रत्येक घराने आपले दुःख सांगितले, आणि तेवढ्याने तिचे वेड गेले. म्हणून तुमच्या मायची हकीकत कोणीतरी लिहून घेतली पाहिजे. पुढच्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर अर्धा तास राखून ठेवावा, वृद्ध उपासिकांनी सांगावे आणि तरुणांनी लिहावे, अशी सूचना मी त्या विहाराच्या मंडळींना केली आहे. प्रत्येक विहारात असे झाले तर आंबेडकरी कथेला पुढील पन्नास वर्षे विषयांची वाण पडणार नाही.